जखम भरतं कोण?



पत्रिकेत विषय छापला आहे ‘जखमा भरून काढणारी वनस्पतिजन्य द्रव्यं’. तो वाचून सभागृहात आलेल्या निम्म्या लोकांच्या मनात तरी हळद आली असेल. तेव्हा हळदीपासूनच सुरुवात करू, आणि तीही तिच्या खटल्यापासून.

२८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला ५४०१५०४ क्रमांकाचं एक पेटंट दिलं. जखम भरून यावी म्हणून हळद वापरण्याचं पेटंट. पूड जखमेवर लावणं आणि पोटात घेणं, दोन्ही त्यात आलं होतं. संशोधक दोघे, दोघेही भारतीय वंशाचे. इकडे सीएसआयआरचे, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, मूळचे गोव्यातल्या माशेलचे. ज्या माणसाच्या घरात खरचटलं की हळद दाबली जाते, त्याला ही बातमी वाचून काय वाटलं असेल ते सांगायला नको. १९९६ मध्ये सीएसआयआरने पेटंटला आव्हान दिलं आणि ३२ संदर्भ समोर ठेवले. संस्कृत, हिंदी, उर्दू. काही शंभर वर्षांहून जुने. त्यात ‘जर्नल ऑफ द इंडियन मेडिकल असोसिएशन’मधला १९५३ सालचा एक लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट कार्यालयाने सीएसआयआरचं म्हणणं मान्य केलं आणि पेटंट गेलं. या लढ्याला हळदीघाटीची लढाई म्हटलं गेलं, आणि ते कौतुक वाजवीच होतं. पुढे २००१ पासून आपल्या ग्रंथांतली पारंपरिक माहिती जगभरच्या पेटंट परीक्षकांना वाचता येईल अशा रूपात आणण्याचं मोठं काम सुरू झालं, त्याचं मूळ या खटल्यात आहे.

पण मंडळी, त्या खटल्यात सिद्ध काय झालं? हळदीचा हा उपयोग नवा नाही, एवढंच. पेटंटसाठी नावीन्य लागतं, ते नव्हतं, म्हणून पेटंट रद्द झालं. हळदीने जखम खरोखर लवकर भरते का, हा प्रश्न तिथे कोणी कोणाला विचारलाच नाही. अमेरिकन परीक्षकाने कोणाच्या कापलेल्या बोटाला हळद लावून पाहिली नाही, आणि ते त्याचं कामही नव्हतं. आपण मात्र निकालाची प्रत गुणवत्तेचं प्रमाणपत्र म्हणून भिंतीवर लावली. एखादी गोष्ट जुनी असणं आणि ती गुणकारी असणं, या दोन बाबी आपण एका झटक्यात एकत्र करून टाकल्या. आज मला त्या सुट्या करायच्या आहेत.

त्यासाठी आधी जखमेकडे पाहू. कापलं की पहिल्या काही मिनिटांत रक्त गोठतं. काही तासांत पांढऱ्या पेशी तिथे गोळा होतात. जागा लाल होते, ठणकते. दोन-तीन दिवसांनी मॅक्रोफेज नावाच्या पेशी येतात, मेलेलं आणि सडलेलं खाऊन टाकतात आणि पुढच्या कामाचे निरोप धाडतात. मग फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कोलॅजेनचे धागे विणू लागतात, बारीक रक्तवाहिन्या फुटतात, कडेच्या त्वचापेशी मध्याकडे सरकतात. वरून कातडी आली की आपण म्हणतो बरं झालं. आत मात्र कोलॅजेनची उलथापालथ पुढे वर्षभर चालू असते, आणि एवढं होऊनही व्रणाची ताकद मूळ कातडीच्या ऐंशी टक्क्यांच्या वर जात नाही.

यात औषधाचा उल्लेख कुठेही आलेला नाही, हे लक्षात घ्या. धडधाकट माणसाची साधी जखम आपण होऊन भरते. म्हणूनच जखमेवरच्या प्रत्येक औषधाला यश येतं! हळद लावा, चहापत्ती लावा, काही लावू नका. आठवड्याने बोट बरं. श्रेय ज्याने शेवटचं काहीतरी लावलं त्याला. माझ्या आयुष्यभराच्या विषयात, औषधशास्त्रात, इतकी फसवी जागा दुसरी नाही.

सुश्रुताला हे चांगलं ठाऊक असावं. चिकित्सास्थानाच्या पहिल्याच अध्यायात त्याने व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत, आणि त्यांचा रोख आहे जखम कोणत्या अवस्थेत आहे यावर. सूज कच्ची आहे, पिकते आहे की पिकली आहे. व्रण दूषित आहे, शुद्ध आहे की भरू लागला आहे. अमुक पाला सरसकट सगळ्या जखमांना, असा त्याचा खाक्या नाही. त्याच्या नावावर मलमं विकणाऱ्यांनी तो अध्याय एकदा वाचावा.

आता आपल्या पायाखालच्या वनस्पतीकडे येतो. दगडी पाला. कोणी एकदांडी म्हणतं, कोणी कंबरमोडी. शेताच्या बांधावर, रुळांच्या खडीत, किल्ल्याच्या पडक्या तटात, कुठेही उगवते. केसाळ, करवती कडांची पानं आणि वीतभर उघड्या दांड्यावर एकच फिकट पिवळं फूल. खेडेगावात लहानपण गेलेल्यांना कृती सांगायला नको. गुडघा फुटला की चार पानं खुडायची, तळहातावर चोळायची, मूठ आवळून हिरवा-काळा रस थेंब थेंब जखमेवर पिळायचा. असा झोंबतो की पोरगं पडल्याचं दुःख विसरतं. चोथा वर दाबून ठेवायचा. थोड्या वेळाने रक्त थांबतं. थांबणारच होतं, पण बहुधा थोडं लवकर थांबतं. कारण पानात टॅनिन असतात आणि टॅनिन प्रथिनांना साकळवतात.

हा दगडी पाला आपल्या एकाही प्राचीन ग्रंथात नाही. असणारही नाही, कारण तो मूळचा अमेरिका खंडातला. १७५३ मध्ये लिनियसने त्याला ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स हे नाव दिलं तेव्हा ठिकाण लिहिलं मेक्सिकोतलं व्हेराक्रूझ. तिथून तो इकडे आला आणि गवतासारखा पसरला. कोकणात माजलेली रानमोडी तशीच परदेशी. दातांतून रक्त येतं म्हणून ज्याचा चीक हिरड्यांना लावतात तो मोगली एरंडही अमेरिकेतलाच. म्हणजे आपल्या गावठी जखमांवरची हुकमी औषधं बघाल तर त्यातली कित्येक गेल्या काही शतकांत आलेली आहेत. कोणत्याही ऋषीने ती सांगितली नाहीत. गुराख्यांनी, गवत कापणाऱ्या बायांनी, विळा लागलेल्या माणसांनी नवं तण हाताळलं, लावून पाहिलं, पटलं ते ठेवलं, बाकीचं सोडून दिलं. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो. परंपरा म्हटलं की आपण दोन हजार वर्षं मागे बघतो. खरी परंपरा बांधावर बसून नवे प्रयोग करत होती.

अर्थात बांधावरच्या प्रयोगात एक उणीव राहते. दोन गुडघे एकदम फुटत नाहीत, एकाला पाला आणि एकाला नुसतं पाणी लावून बघावं तर. ती उणीव प्रयोगशाळेने भरायची. दगडी पाल्यावर आपल्याकडे १९८० च्या दशकापासून बरंच काम झालं. १९९१ च्या एका अभ्यासात उंदरांच्या भरत्या जखमेत लायसिल ऑक्सिडेझ या विकराचं काम वाढल्याचं दिसलं. कोलॅजेनचे धागे एकमेकांना घट्ट बांधणारं हे विकर. ते तांब्यावाचून चालत नाही. जात्यादि तेलात जाई, कडुनिंब, करंज, मंजिष्ठा यांच्या जोडीला मोरचूद असतो, म्हणजे तांब्याचाच क्षार. त्या दोन्हींचा संबंध जोडायचा मोह मलाही होतो, पण जोडायला पुरावा लागतो, म्हणून मोह आवरतो.

जखमेची ताकद मोजतात कशी, हे ऐकण्यासारखं आहे. भूल दिलेल्या उंदराच्या पाठीवर सरळ चीर घेऊन ती शिवतात. ठरलेल्या दिवशी टाके काढलेले असतात. उंदराला पुन्हा भूल देऊन जखमेच्या दोन्ही कडांना चिमटे लावतात. एक चिमटा पक्का, दुसऱ्याला दोरी, दोरी कप्पीवरून खाली आणि टोकाला हलकं भांडं. भांड्यात एका लयीत पाणी सोडायचं. नजर जखमेवर. कडा उलायला लागल्या की त्या क्षणी पाणी बंद. भांड्यात जमलेलं पाणी तोलायचं, ते त्या जखमेचं बळ. इतकी साधी युक्ती, पण हजारो शोधनिबंध तिच्यावर उभे आहेत. विद्यार्थ्यांना मी पहिल्यांदा हे दाखवायचो तेव्हा वर्ग चिडीचूप व्हायचा.

आणि लगेच त्यांना सांगायचो, की उंदीर म्हणजे माणूस नव्हे. उंदराची कातडी सैल असते, तिच्याखाली स्नायूचा एक पातळ थर असतो. त्यामुळे उंदराची उघडी जखम मुख्यतः आकसून मिटते. माणसाची कातडी खालच्या थराला धरून बसलेली. आपली जखम तळातून मांस भरून आणि वरून पेशी सरकून भरते. म्हणून उंदराची जखम एखाद्या अर्काने चार दिवस आधी मिटली, एवढ्यावर माणसासाठी मलम काढणं म्हणजे उधारीचा धंदा. आपल्या औषधी वनस्पतींवरच्या संशोधनाची गाडी बहुतांशी याच स्टेशनावर वर्षानुवर्षं उभी आहे. पानाचा अर्क, उंदीर, निष्कर्ष उत्साहवर्धक, पुढील संशोधनाची गरज. ते पुढील संशोधन कोण करणार?

काही ठिकाणी झालं. आपण रानमोडीला शिव्या घालतो. व्हिएतनाममध्ये तिच्या पानांच्या अर्काचं युपोलिन नावाचं मलम जखमांवर आणि भाजण्यावर रीतसर परवान्याने वापरात आलं. त्यातली फिनॉलिक आम्लं आणि फ्लॅव्होनॉइड पेशींना ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यापासून वाचवतात, हे संशोधकांनी पेशींवर दाखवलं. मादागास्करमध्ये बोआतो आणि रात्सिमामांगा यांनी १९५६ मध्ये एशियाटिकोसाइडवर लिहिलं. हे द्रव्य कारिवण्यातलं, म्हणजे ज्या गोल पानांच्या वेलीला आपल्याकडे अनेक जण ब्राह्मी म्हणतात तिच्यातलं. ते फायब्रोब्लास्टना कोलॅजेन बनवायला उद्युक्त करतं. त्यातून मॅडेकॅसॉल मलम आलं. आज आपल्या मुली ‘सिका’ म्हणून जी कोरियन क्रीम महाग भावाने मागवतात, तिच्यात विहिरीच्या काठचा हाच कारिवणा असतो. असो.

आता मुंबईत येऊ, कारण या विषयातलं मला सर्वांत आवडणारं काम मुंबईत झालं, आणि त्यात कोणतंही गुणकारी द्रव्य नाही!

वाडिया मुलांच्या रुग्णालयात डॉ. केसवानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाजलेल्या मुलांच्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याच्या साली लावल्या. १९८५ मध्ये ‘बर्न्स’ या नियतकालिकात त्याचा पहिला अहवाल आला. हसू नका. भाजलेल्या पोराचं ड्रेसिंग बदलताना ज्याने पाहिलं आहे तो हसणार नाही. सुकलेला गॉज जखमेला चिकटतो, तो ओढला की नुकती आलेली कोवळी कातडी त्याच्याबरोबर निघते, रक्त येतं आणि ती किंकाळी वॉर्डच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाते. परदेशात यावर कृत्रिम पडदे होते, पण किंमत आपल्या वॉर्डाला न झेपणारी. साली गॉजला चिकटवून, निर्जंतुक करून वापरल्या गेल्या. १९९० मध्ये त्यांनी सूक्ष्मदर्शकाखालचा पुरावा दिला: साध्या गॉजखाली जखमेचा पृष्ठभाग सुकतो आणि वाचू शकल्या असत्या अशा पेशीही मरतात, सालीखाली ओल टिकते, पेशी तगतात आणि वरची कातडी लवकर येते.

पुढे शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचं पान घेतलं. पान पुसून, कापडावर चिकटवून, गुंडाळी करून ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करायचं. २००३ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भाजलेल्या जखमांवर केळीच्या पानाची तुलना केली बटाट्याच्या सालीशी. पान गुणाला तितकंच आणि कितीतरी स्वस्त. कलम लावण्यासाठी कातडी काढून घेतलेल्या जागेवर तुलना केली व्हॅसलीन गॉजशी. तिथे दुखणं कमी. पान मेणचट, मऊ, जखमेला न चिकटणारं, हवं तेवढं रुंद. महापालिकेच्या रुग्णालयात ही गोष्ट किती मोठी, ते तिथे काम केलेल्यांना विचारा. आणि लक्षात घ्या, दोन्ही ठिकाणी ‘आम्ही लावलं आणि बरं वाटलं’ असं म्हणून कोणी थांबलं नाही. शेजारी दुसरं ड्रेसिंग ठेवून मोजलं.

यामागचं तत्त्व जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवर दाखवलं होतं. डुकराची कातडी आपल्यासारखी घट्ट बसलेली असते. जखमेवर पातळ पडदा टाकून ओल राखली तर वरची कातडी उघड्या, खपली धरलेल्या जखमेच्या जवळजवळ दुप्पट वेगाने येते. ‘जखमेला वारा लागू दे, सुकू दे’ या आजीच्या सल्ल्याला तेव्हाच सुरुंग लागला, पण घरोघरी तो अजून उडालेला नाही. दगडी पाल्याचा चोथा, कोरफडीचा गर, मधाचं बोट, तुपाची पट्टी या सगळ्यांच्या यशात द्रव्याचा वाटा किती आणि नुसत्या ओलीचा वाटा किती, हा प्रश्न विंटरनंतर प्रत्येकाने स्वतःला विचारायला हवा होता.

परत हळदीकडे. तिच्या पुडीत कर्क्युमिन आणि त्याची भावंडं साधारण दोन ते पाच टक्के. हे रसायन १८१५ मध्ये वेगळं काढलं गेलं, १९१० मध्ये त्याची रचना उलगडली. १९९८ मध्ये, म्हणजे खटला संपल्यावर, उंदीर आणि गिनीपिग यांच्यावर कर्क्युमिनने जखम लवकर मिटल्याचं अमेरिकेतल्याच संशोधकांनी दाखवलं. पण हे द्रव्य फार अवघड आहे. पाण्यात विरघळत नाही. उजेडात टिकत नाही. शरीराइतक्या उष्णतेच्या, किंचित अल्कधर्मी साध्या द्रावणात ठेवलं तर अर्ध्या तासात त्यातलं जवळजवळ सगळं मोडतं. शिवाय ते मिळेल त्या प्रथिनाला चिकटतं आणि स्वतः चमकतं, त्यामुळे प्रयोगशाळेतल्या चाचण्या फसतात. जिथे काही नाही तिथेही परिणाम दिसतो. २०१७ मध्ये औषधरसायनाच्या एका मोठ्या आढाव्याने हजारो निबंधांच्या या ढिगाऱ्याबद्दल फार कडक शब्द वापरले. मला तो आढावा थोडा जास्तच कडक वाटला, कारण तो शुद्ध कर्क्युमिनबद्दल आहे आणि हळद म्हणजे फक्त कर्क्युमिन नव्हे. तरी पुरावा देण्याची जबाबदारी आपलीच. स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते, आणि रंग खुलावा म्हणून तिच्यात लेड क्रोमेट मिसळणारे लोक आहेत, हेही जाताजाता सांगून ठेवतो.

मग पुरावा असतो तरी कसा? एकच उदाहरण देतो. युरोपातल्या बर्च झाडाच्या सालीत बेट्युलिन नावाचं द्रव्य असतं. आपल्याकडचं भूर्ज त्याच कुळातलं. त्या सालीचा अर्क दहा टक्के आणि सूर्यफुलाचं तेल नव्वद टक्के, संपलं मलम; दोनच वस्तू. ज्या मुलांची कातडी नुसत्या घासण्याने सोलवटते अशा एका जन्मजात आजारासाठी त्याची चाचणी २२३ रुग्णांवर झाली. निम्म्यांना खरं मलम, निम्म्यांना अर्क नसलेलं. कोणाला काय मिळालं ते रुग्णालाही ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही. ४५ दिवसांत ठरवलेली जखम पूर्ण मिटली ती खऱ्या मलमाच्या गटात ४१.३ टक्क्यांची, दुसऱ्या गटात २८.९ टक्क्यांची. ९० दिवसांनी पाहिलं तर दोन्ही गटांतलं अंतर बरंच कमी झालं होतं. त्या जोरावर युरोपने २०२२ मध्ये आणि अमेरिकेने २०२३ च्या डिसेंबरात मान्यता दिली.

त्यातला २८.९ हा आकडा मी विद्यार्थ्यांना पाठ करायला लावतो. इतक्या दुर्धर आजारातही औषध नसलेल्या मलमाखाली शंभरातल्या एकोणतीस जखमा मिटल्या. तो गट ठेवला नसता तर त्या एकोणतीसही औषधाच्या खात्यावर जमा झाल्या असत्या. औषधाची खरी कमाई उरलेल्या बारांची. ती कमाई खरी आहे, मोलाची आहे, पण ती बारांचीच आहे. आपल्या हळदीची, कोरफडीची, दगडी पाल्याची कमाई किती, हा आकडा आपल्याजवळ नाही. कोरफडीचा २०१२ मध्ये वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने आढावा घेतला. जखमांबाबत भरवशाचा पुरावा त्यांना सापडला नाही.

तो आकडा काढायला पैसा लागतो आणि इथे हळदीचा खटला पुन्हा आडवा येतो. जे सर्वांचं आहे त्याचं पेटंट मिळत नाही, हे आपणच जिंकून घेतलं. आणि ज्याचं पेटंट नाही त्याच्या चाचणीवर कंपनी पैसा घालत नाही. म्हणजे हे काम सरकारी पैशाने आणि सरकारी रुग्णालयांतच व्हायला हवं. कायद्याची वाट मोकळी आहे. २०१५ मध्ये आपल्या औषध नियमांत वनस्पतीच्या शुद्ध केलेल्या अंशासाठी वेगळा वर्ग आला. त्यात किमान चार द्रव्यांचं प्रमाण मोजून दाखवावं लागतं. चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही २००७ पासून आहे. शीवचा केळीच्या पानाचा नमुना समोर आहे. मला कोणी विचारलं तर मी तीन गट सुचवीन: कातडी काढलेल्या जागेवर नुसतं केळीचं पान, दगडी पाल्याच्या निर्जंतुक अर्कासह केळीचं पान, आणि रोजचं व्हॅसलीन गॉज. मोजायच्या तीनच गोष्टी: कातडी पूर्ण यायला लागलेले दिवस, ड्रेसिंग बदलतानाचं दुखणं आणि जंतुसंसर्ग. निकाल पाल्याच्या बाजूने लागला नाही तर तोही छापायचा.

व्याख्यान संपल्यावर जिन्यात मला हमखास विचारलं जातं, ‘सर, मग लावायचं काय?’ आजच सांगून टाकतो. वाहत्या पाण्याने धुवा, स्वच्छ फडक्याने दाबून धरा, झाकून ओलसर ठेवा. माती, गंज किंवा शेण लागलं असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा. डोंगरात असाल, जवळ काही नसेल आणि खरचटणं वरवरचं असेल, तर दगडी पाला चोळायला माझी ना नाही. मी स्वतः चोळतो. पण घरात कोणाला मधुमेह असेल आणि त्याच्या तळपायाला न दुखणारी जखम दिसली, तर पाला नको, हळद नको, माझं व्याख्यानही नको. त्याच दिवशी दवाखाना गाठा. तिथे दुखत नाही तीच धोक्याची खूण असते, आणि अशा जखमेला वर काय लावलं यापेक्षा आत रक्त पोचतं आहे का, हे आधी पाहावं लागतं.